वाक्याची शेपटी

आम्ही देवणीहून बोलतोय. माइकसमोर आवाज एकीचा असला तरी बोलणं आमच्या बचत गटांतल्या सगळ्याजणींचं आहे, म्हणून आम्ही ‘आम्ही’च म्हणणार. हातातलं काम सोडू नका. भाकरी थापता थापता ऐका, शेंगा फोडता फोडता ऐका. आजचा विषय मात्र नेहमीचा नाही. व्याजाचा हिशोब नाही, पासबुक नाही. आज आपण इंग्रजी बोलण्यातली एक छोटी गोष्ट बघणार आहोत. इंग्रजीचं नाव ऐकून रेडिओचं बटण फिरवू नका. या छोट्या गोष्टीपायी आमच्या एका आक्कांना रात्रभर झोप लागली नव्हती. आधी तेच सांगतो.

मुंबईतल्या एका मोठ्या प्रदर्शनात आमच्या गटानं टेबल मांडलं होतं. लाल तिखट, येसर, कारळाची चटणी, जवसाची चटणी, तूरडाळ असा माल होता. आक्कांचं तिखट म्हणजे आमच्या टेबलाची शान. मिरची उन्हात वाळवायची, देठं हातानं खुडायची, कांडून चाळून पाकिटात भरायची. रंगाचा कणही नाही. एक बाई आल्या. इंग्रजीच बोलत होत्या. पाकीट हातात घेऊन उजेडाकडं धरलं, खूश झाल्या आणि म्हणाल्या, “यू डोंट ॲड एनी कलर, डू यू?”

आक्का सातवी शिकलेल्या. पण ‘कलर’ कळलं, ‘ॲड’ कळलं, ‘डोंट’ही कळलं. बाई म्हणताहेत, तुम्ही रंग घालत नाही ना? आक्का हसून ठासून म्हणाल्या, “येस! येस!”

बाईंचा चेहरा बदलला. पाकीट हळूच खाली ठेवलं, “ओह, थँक यू,” म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडं गेल्या.

आक्का बघतच राहिल्या. शेजारच्या टेबलावर कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती. ती म्हणाली, “मावशी, तुम्ही त्यांना रंग घालतो म्हणून सांगितलंत.”

“मी कशाला असं सांगू? मी तर हो म्हणले. हो, नाही घालत!”

“तेच तर. इंग्रजीत त्याला ‘नो’ म्हणायचं असतं.”

एका पाकिटाचे पैसे गेले याचं दुःख नव्हतं. आक्का रात्री अंथरुणावर बसून म्हणाल्या, “इतकी वर्षं खरं तिखट कांडलं, आणि आपल्याच तोंडानं त्याला खोटं ठरवून आले.” हे वाक्य आम्हा सगळ्यांना लागलं. गावी परतल्यावर ठरवलं, बुधवारच्या बैठकीत हिशोब संपला की अर्धा तास इंग्रजी. आणि सुरुवात या ‘डू यू’पासूनच.

तर हे ‘डू यू’ म्हणजे काय? वाक्य बोलून झालं की त्याच्या मागं लावलेला छोटा प्रश्न. इंग्रजीत त्याला क्वेश्चन टॅग म्हणतात. आमच्या गटानं त्याचं नाव ठेवलं ‘शेपटी’. आम्ही देवणीच्या ना! ज्या गावाच्या नावानं गाईची जात ओळखली जाते, तिथल्या बायकांना शेपटीच सुचणार.

दहावी-बारावी केलेल्या मैत्रिणींना हे आठवेल. पेपरात ‘ॲड अ क्वेश्चन टॅग’ असा एक मार्काचा प्रश्न यायचा. आपण रिकाम्या जागी शेपटी लिहून मार्क घ्यायचो. पण तोंडानं कधी बोललो का? नाही. आमच्यातल्या तिशीतल्या मैत्रिणींनी इंग्रजीचं पुस्तक पाचवीत पहिल्यांदा उघडलं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आमची पहिली मागं पडली होती. त्यामुळं आम्हाला इंग्रजी लिहिता येतं, वाचता येतं, पण समोरच्यानं विचारलं की जीभ टाळूला चिकटते. म्हणून वही बाजूला ठेवून हे तोंडानं शिकायचं.

आधी आपली भाषा बघू. आपण दिवसभर शेपट्या लावतच असतो. “उद्या येलालीस ना?” “पैसे भरलेत ना?” “ती उदगीरची आहे, नाही का?” वाक्य कुठलंही असो, माणूस कुणीही असो, काळ कोणताही असो, आपलं एक ‘ना’ सगळ्यांना पुरतं. आपल्या शेजारी कर्नाटक. तिकडून आलेल्या सुना कानडीत ‘अल्वा’ म्हणतात, तेही सगळ्या वाक्यांना एकच. तेलुगूत ‘कदा’. हिंदीत ‘है ना’. फ्रेंच लोकही ‘नेस पा’ या एकाच शब्दावर भागवतात म्हणे. इंग्रजीला मात्र एक शेपटी पुरत नाही. वाक्य बदललं की शेपटी बदलते. हे ऐकून आमच्या एक काकू म्हणाल्या, “आपली गाय बरी, जन्मभर एकच शेपटी वापरते.”

पण घाबरू नका. नियम तीनच आहेत.

पहिला नियम तराजूचा. एका पारड्यात ‘हो’ असेल तर दुसऱ्यात ‘नाही’. वाक्य होकाराचं असेल तर शेपटी नकाराची. वाक्य नकाराचं असेल तर शेपटी होकाराची. “द बँक इज ओपन, इजंट इट?” बँक उघडी आहे ना? आणि “द बँक इजंट ओपन, इज इट?” बँक उघडी नाही ना?

दुसरा नियम, वाक्यातलं मदतीचं क्रियापद उचलायचं आणि शेपटीत ठेवायचं. इज, आर, वॉज, हॅज, विल, कॅन ही मदतीची मंडळी. “यू आर फ्रॉम उदगीर, आरंट यू?” तुम्ही उदगीरच्या ना? “शी हॅज पेड द इन्स्टॉलमेंट, हॅजंट शी?” तिनं हप्ता भरलाय ना? “वी कॅन सिट हिअर, कांट वी?” आपण इथं बसू शकतो ना? आता ‘विल’ची शेपटी नीट ऐका. “ही विल कम टुमारो, वोंट ही?” ‘विलंट’ नाही, ‘वोंट’. तो उद्या येईल ना?

आणि वाक्यात मदतनीस दिसतच नसेल तर? मग डू, डझ, डिड यांना बोलवायचं. “यू मेक पापड, डोंट यू?” तुम्ही पापड करता ना? “शी सेल्स मिल्क, डझंट शी?” ती दूध विकते ना? “दे केम येस्टरडे, डिडंट दे?” ते काल आले होते ना? आपल्या शेतात घरची माणसं कमी पडली की रोजगारी बोलावतो, तसंच हे.

तिसरा नियम, शेपटीत माणसाचं किंवा वस्तूचं नाव घ्यायचं नाही. तो, ती, ते म्हणायचं. “युवर डॉटर इज इन कॉलेज, इजंट शी?” शेपटीत ‘डॉटर’ पुन्हा म्हणायचं नाही. “द गर्ल्स आर रेडी, आरंट दे?” “धिस इज युवर फॉर्म, इजंट इट?” वस्तू असेल तर ‘इट’.

झाले तीन नियम. आता काही हट्टी शेपट्या आहेत, त्या पाठच करायच्या. ‘आय ॲम’ला ‘ॲमंट आय’ होत नाही, तिथं ‘आरंट आय’ म्हणतात. “आय ॲम लेट, आरंट आय?” मला उशीर झाला ना? ‘लेट्स’ असेल तर ‘शॅल वी’. “लेट्स स्टार्ट द मीटिंग, शॅल वी?” चला, बैठक सुरू करू या ना? कुणाला काही करायला सांगताना ‘विल यू’. “क्लोज द डोअर, विल यू?” दार लावतेस का जरा? ‘देअर इज’ असेल तर शेपटीतही ‘देअर’. “देअर इज अ बस ॲट फाइव्ह, इजंट देअर?”

आणि एक फसवी जागा. ‘नेव्हर’ म्हणजे कधीच नाही. वाक्यात ‘नॉट’ दिसत नाही, पण आत नकार लपलेला आहे. म्हणून शेपटी होकाराची. “शी नेव्हर कम्स लेट, डझ शी?” ती कधी उशिरा येत नाही ना? ‘नोबडी’चंही तसंच. “नोबडी केम, डिड दे?” कुणी आलं नाही ना?

आता सूर. लिहिताना सूर दिसत नाही, रेडिओवर मात्र ऐकवता येतो. वाचणाऱ्या मैत्रिणींनी मनातल्या मनात म्हणून बघावं. शेपटीवर आवाज वर चढवला तर तो खरा प्रश्न असतो. बस पाचची आहे की नाही हे आपल्याला नक्की माहीत नाही, म्हणून विचारतोय. आवाज खाली उतरवला तर आपल्याला माहीत आहे, समोरच्यानं फक्त मान डोलवावी एवढंच हवं असतं. “इट इज हॉट टुडे, इजंट इट?” आज ऊन आहे हे दोघींनाही दिसतंय. आपल्या ‘ना’चंही तसंच नाही का? “तू येशील ना?” यात आवाज चढतो. “सांगितलं होतं ना!” यात उतरतो. सूर आपल्याला येतोच, तो फक्त इंग्रजीत न्यायचा.

आता आक्कांच्या गोष्टीकडं परत येऊ, कारण विचारण्यापेक्षा उत्तर देण्यात आपण जास्त अडकतो.

मराठीत कुणी विचारलं, “तू जेवली नाहीस ना?” आणि आपण उपाशी असलो, तर आपण म्हणतो, “हो, नाही जेवले.” त्यातला ‘हो’ म्हणजे ‘तुमचं म्हणणं बरोबर आहे’. आपण माणसाच्या बोलण्याला ‘हो’ म्हणतो. जपानी भाषेतही असंच उत्तर देतात. इंग्रजीत मात्र ‘येस’ आणि ‘नो’ समोरच्याच्या बोलण्याकडं बघत नाहीत, ते झालेल्या गोष्टीकडं बघतात. जेवलो असलो तर ‘येस’. जेवलो नसलो तर ‘नो’. प्रश्न सरळ असो, उलटा असो, शेपटी कुठलीही असो.

रंग घालता? नाही. मग उत्तर ‘नो’. “यू डोंट ॲड कलर, डू यू?” “नो, वी डोंट.” “यू ॲड कलर, डोंट यू?” तरीही “नो, वी डोंट.” गोष्ट तीच, म्हणून उत्तरही तेच. आक्कांनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, “म्हणजे त्या काय म्हणल्या ते बघायचं नाही, माझ्या तिखटात काय हाय ते बघायचं.” मैत्रिणींनो, याहून सोपं आम्हाला तरी सांगता येणार नाही.

आणि एक सवय लावून घ्या. नुसतं ‘येस’ किंवा नुसतं ‘नो’ म्हणून थांबू नका. मागं दोन शब्द जोडा. “नो, वी डोंट.” “येस, वी डू.” “नो, आय हॅवंट.” “येस, शी इज.” घाईत ‘येस’च तोंडातून गेलं तरी पुढच्या ‘वी डोंट’नं समोरचा माणूस थबकतो आणि पुन्हा विचारतो. गैरसमज तिथंच निस्तरतो.

हे फक्त विक्रीपुरतं नाही. फोनवर कुणी विचारतं, “यू हॅवंट रिसीव्ह्ड द अमाउंट, हॅव यू?” रक्कम मिळाली नाही ना? आपण ‘येस’ म्हटलं तर तिकडं ‘मिळाली’ अशी नोंद होऊ शकते. दवाखान्यात नव्या डॉक्टरनं विचारलं, “शी इजंट ॲलर्जिक टू एनी मेडिसिन, इज शी?” तिला कुठलं औषध बाधत नाही ना? तिथं ‘येस’ आणि ‘नो’ यांची अदलाबदल परवडणारी नाही. तिथं शंका आली तर इंग्रजी सोडा आणि सरळ मराठीत सांगा. त्यात काही कमीपणा नाही.

आता आणखी एक गोष्ट. कधी कधी शेपटी विचारण्यासाठी नसते, ढकलण्यासाठी असते. कागद पुढं सरकवला जातो आणि म्हटलं जातं, “यू हॅव रेड एव्हरीथिंग, हॅवंट यू? साइन हिअर.” तुम्ही सगळं वाचलंय ना? करा सही. त्या शेपटीत उत्तर आधीच भरलेलं असतं. आपण भिडेपोटी मान हलवतो. तिथं म्हणायचं, “नो, आय हॅवंट. प्लीज गिव्ह मी टाइम.” नाही वाचलं, मला वेळ द्या. हे वाक्य आम्ही बैठकीत एकेकीला उभं करून म्हणायला लावलं. पहिल्यांदा सगळ्यांचे आवाज बारीक निघाले. तिसऱ्या बुधवारी खोलीबाहेर ऐकू जायला लागलं.

तेव्हाच आमचीही एक चूक आमच्या पदरात पडली. कर्जाचं व्याज समजावून झालं की आम्ही विचारायचो, “सगळ्यांना कळलं ना?” आणि सगळ्या म्हणायच्या, “हो.” त्या बुधवारी एक म्हाताऱ्या मावशी उठून म्हणाल्या, “तुमी ना लावून इचारताव, मग नाही कसं म्हणावं?” खोलीत शांतता झाली. खरंच होतं. आम्हीही शेपटीनं ढकलतच होतो. आता आम्ही विचारतो, “कुणाला काय कळलं नाही?” आणि थांबतो. त्या दिवसापासून प्रश्न यायला लागले. अंतर्गत कर्जावरचं व्याज गटाच्याच खात्यात परत येतं, ही गोष्ट तीन जणींना तेव्हा पहिल्यांदा कळली.

या शेपटीवर मोठमोठ्या अभ्यासक बायकांनीही विचार केलाय. अमेरिकेतल्या रॉबिन लेकॉफ या भाषेच्या अभ्यासक. १९७५ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं होतं की बायका अशा शेपट्या जास्त लावतात, कारण आपलं मत ठामपणे मांडायला त्यांना शिकवलेलंच नसतं. त्यावर बराच वाद झाला. दुसऱ्या अभ्यासकांनी एका परिसंवादातलं बोलणं तपासलं, तर तिथं शेपट्या पुरुषांनीच लावलेल्या निघाल्या. न्यूझीलंडच्या जॅनेट होम्स यांनी पुढं दाखवलं की शेपटी किती लावली यापेक्षा कशासाठी लावली हे बघायला हवं. बायका बरेचदा ती समोरच्याला बोलतं करण्यासाठी लावतात. आम्हाला हे पटलं. बैठकीत गप्प बसलेल्या नव्या सुनेला आपण म्हणतो, “तुझ्या माहेरी पण गट आहे ना गं?” ते तिला बोलतं करण्यासाठीच असतं. तो ‘ना’ दुबळा नाही, मायेचा आहे. पण “माझं तिखट चांगलं आहे ना?” असं गिऱ्हाइकाला विचारायची गरज नाही. तिथं ठाम सांगायचं, “धिस इज प्युअर चिली.” पूर्णविराम.

आता शेवटची शंका, जी प्रत्येक बुधवारी येते. बोलताना ऐनवेळी शेपटी सुचलीच नाही तर? आपल्याकडं खूप जण सगळ्या वाक्यांना ‘इजंट इट’ लावतात, नाही तर ‘नो’ लावतात. “यू आर कमिंग, नो?” त्यांना हसू नका. आपल्या ‘ना’ची सवय तिकडं गेली आहे, आणि बोलणं कळतंच. परीक्षेत आणि मुलाखतीत मात्र नीट शेपटी लावा. अगदीच अडलं तर ‘राइट?’ म्हणा. “यू आर कमिंग टुमारो, राइट?” ती सगळ्या वाक्यांना चालते आणि चुकत नाही. पण समोरच्याच्या शेपटीला उत्तर देताना आक्कांचा नियम विसरू नका.

बाहेरचे लोक आता आपल्याकडं येणार आहेत, आपल्यालाही बाहेर जायचं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालंय. आपल्या देवणी गाई बघायला लांबून माणसं येतात. एखादा पाहुणा विचारेल, “धिस इज अ देवणी काऊ, इजंट इट?” तेव्हा दारातल्या सुनेनं घरात पळू नये. म्हणावं, “येस, इट इज.” अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजूला काळं असेल तर पुढं म्हणावं, “अ वानेरा.” सगळीच पांढरी असेल तर बालंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके असतील तर शेवरा. आपली माहिती आपल्याकडं आहेच, इंग्रजीचे चार शब्दच तेवढे जोडायचे आहेत.

आक्का त्यानंतर पुन्हा एका प्रदर्शनाला गेल्या. यावेळी एका माणसानं उलटं विचारलं, “यू ॲड कलर, डोंट यू?” आक्कांनी घाई केली नाही. पाकिटाकडं बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “नो. वी डोंट.” त्यानं तिखट घेतलं की नाही, हे आम्ही विचारलं. आक्का म्हणाल्या, “नाही घेतलं. पण खरं सांगून आले.”

आता या आठवड्याचं काम. घरात रोज बोलता त्यातली पाच ‘ना’ची वाक्यं निवडा. त्यांना इंग्रजी शेपट्या लावा. शाळेत जाणाऱ्या लेकराला विचारा, ते चुकलं तर तुम्ही सांगा. आणि कुणी तुम्हाला उलटा प्रश्न विचारला तर त्याच्या बोलण्याकडं बघू नका, खऱ्या गोष्टीकडं बघा.

पुढच्या बुधवारी आम्ही वाट बघतो. यू विल कम, वोंट यू?